हसण्याचा हक्क

स्टेफन इलियट यांच्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ (१९९४) या चित्रपटात दोन ड्रॅग कलावंत आणि एक पारलिंगी स्त्री सिडनीहून ॲलिस स्प्रिंग्जला बसने निघतात. वाटेत शिवीगाळ होते, मारहाण होते, बसवर घाण मजकूर रंगवला जातो. तरी चित्रपट त्यांची कीव करत नाही. विनोदाची सूत्रे त्यांच्याच हाती ठेवतो. टेरेन्स स्टॅम्प यांनी साकारलेल्या पारलिंगी बर्नाडेटचा आब केवळ अपूर्व! एका पात्राच्या फिलिपिनो पत्नीचे चित्रण मात्र खटकते, आजही.

असा चित्रपट मराठीत का नसावा? रूढींना न जुमानण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. दापोलीजवळचे मुरुड हे कर्व्यांचे गाव. विधवेशी विवाह केला म्हणून १८९३ मध्ये धोंडो केशवांना याच गावाने वाळीत टाकले. त्यांचे पुत्र रघुनाथराव यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना न बिचकता उत्तरे दिली. १९३४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले.

२०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवले. वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेल्या आनंदचे बाळ्यावरचे प्रेम त्यात फार हळुवारपणे उमलते. दुःखातले प्रेम मराठीने समर्थपणे दाखवले. आता हर्णै-मुरुडच्या रस्त्यावर मनमोकळे हसत निघालेली अशी माणसेही पडद्यावर हवीत. कुणी तशी पटकथा लिहीत असेल तर आम्हाला जरूर कळवा. अंकात तिच्यासाठी आनंदाने जागा देऊ.