अंड्याच्या आधीचे पाच महिने

मराठी भाषेने कोंबडीवर फार अन्याय केला आहे. गचाळ अक्षराला आपण 'कोंबडीचे पाय' म्हणतो. उत्तरपत्रिका तपासताना हा शेरा मी मनातल्या मनात शेकडो वेळा मारला असेल. एखादा उत्साही गृहस्थ थंडावला की 'खुडूक झाला' म्हणून आपण हसतो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे तर शाळकरी पोरालाही पाठ असते. परंतु खुडूक कोंबडी नेमके करते काय, आणि कोंबडे झाकले तर ते गप्प बसते का, हे विचारले तर आपल्यासारख्या पांढरपेशांची दांडी गुल होते. आपली आणि कोंबडीची ओळख वाण्याकडच्या अंड्यांच्या ट्रेपाशी सुरू होते आणि तव्यावर संपते. अंडे आधी की कोंबडी आधी, हा वाद आपण दिवाणखान्यात बसून हवा तितका घालावा. ज्याने परसात कोंबड्या पाळल्या त्याला उत्तर ठाऊक असते. आधी खाद्याचे पोते!

आमचे घर आळंदीत, देहूफाट्याच्या अंगाला. पुढच्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या, मागे मात्र आमचे परसदार अजून शाबूत आहे. तिथे कोंबड्या पाळायचा बूट चिरंजीवांनी काढला, त्याला आमच्या सौभाग्यवतींनी रुकार दिला आणि आईने कपाळाला हात लावला. आई माळकरी. माउलींच्या गावात, समाधीपासून हाकेच्या अंतरावर कोंबड्या! शेवटी तिने दोन अटी घातल्या. अंडी आतल्या स्वयंपाकघरात यायची नाहीत, आणि तुळशीवृंदावनाकडे एकही कोंबडी फिरकायची नाही. पहिली अट आम्ही पडवीत वेगळी शेगडी मांडून पाळली. दुसरी पाळणे कोंबड्यांच्या हाती होते.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोन्ही रीतींनी सुरुवात केली. मरकळहून दूध घालणाऱ्या दादांनी आपली एक खुडूक झालेली गावरान कोंबडी डालग्यासकट आणून दिली आणि तिच्याखाली दहा अंडी ठेवली. शिवाय गिरिराजा जातीची एक दिवसाची वीस पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणली. अशी पिल्ले आता सर्रास मिळतात. खडकीला पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रच आहे. एक दिवसाचे पिल्लू इतका प्रवास उपाशीपोटी कसा सोसते, असे मला वाटे. त्याची सोय निसर्गाने आधीच केलेली असते. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन दिवस सहज काढते.

खुडूक कोंबडीला हसणाऱ्या माणसाने तिच्यापाशी एकवीस दिवस बसून पाहावे. ती दिवसातून एकदाच उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत अंड्यांवर येते. चोचीने अंडी वरखाली करते, म्हणजे सगळ्यांना सारखी ऊब लागावी आणि आतला जीव एका बाजूला चिकटू नये. यंत्राला ३७.५ अंशांची ऊब राखायला तापमापक आणि वीज लागते. ही बाई ते काम पोटावरची पिसे गळून उघड्या पडलेल्या कातडीने करते. सातव्या रात्री दादांनी बॅटरीच्या उजेडावर एकेक अंडे धरून दाखवले. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या ती ठेवली, दोन कोरी निघाली ती काढली. एकविसाव्या दिवशी आठही फुटली.

वीस पोरक्या पिल्लांची आई मात्र आम्हांला व्हावे लागले. ज्ञानेश्वरी शिकवताना कासवीचा दृष्टांत येतो. ती म्हणे पिल्लांना नुसत्या नजरेने पोसते. (आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक सांगतात की कासवी अंडी पुरून जी जाते ती पुन्हा फिरकत नाही. दृष्टांताला त्याने काही बाधा येत नाही.) कोंबडीच्या पिल्लाला मात्र नजर पुरत नाही, ऊब लागते. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश, आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. आमच्या घरातले झाडून सगळे दिवे एलईडीचे. त्यांचा उजेड लख्ख, पण ऊब शून्य! जुना, हात भाजणारा साठ वॉटचा बल्ब मिळवायला मला आळंदीतली चार दुकाने पालथी घालावी लागली.

बल्ब टांगला, खाली भाताच्या तुसाचा जाड थर, त्यावर पहिले चार दिवस वर्तमानपत्र, आणि भोवती पुठ्ठ्याचे गोल कडे. गोलच का? कोपरा असला की थंडीने पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि तळातली गुदमरतात. तापमापक आम्ही टांगला होता, पण खरा तापमापक पिल्लेच. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोची उघड्या टाकल्या तर उकडते आहे. सगळीकडे विखरून खात-पीत, मधेच आडवी होऊन झोपत असली तर आपणही झोपायला हरकत नाही. आळंदीत इंद्रायणीकाठी डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते. त्या दिवसांत मध्यरात्री उठून पिल्लांकडे बघून येण्याची पाळी आम्ही घरात लावली होती. पाळीच्या यादीत नाव नसलेली एक व्यक्तीही रोज तीन वाजता उठून जात असे. काकड्याला उठायचेच असते, असे आईचे म्हणणे. काकडा तीनला नसतो.

खाण्याचे शास्त्र सोपे आहे, पण ते वयाप्रमाणे बदलते. पहिले आठ आठवडे पिल्लाला वाढायचे असते, म्हणून खाद्यात प्रथिने शेकडा वीसच्या आसपास हवीत. मक्याचा बारीक भरडा, सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड, आणि क्षार-जीवनसत्त्वे. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लू जगते, भरत नाही. आठव्या आठवड्यानंतर प्रथिने सोळापर्यंत उतरवायची, कारण आता चरबी चढू द्यायची नसते. या वयापासून मादीला 'तलंग' म्हणतात. हा शब्द मला दादांकडून मिळाला आणि मग सरकारी योजनांच्या कागदांतही दिसला. सरकारी कागदात इतका चांगला मराठी शब्द सापडला की मला परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद होतो.

अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी चुना लागतो, एकेका अंड्यामागे सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम. म्हणून तिच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा असतो. 'मग तो आधीपासूनच घालू, हाडे बळकट होतील' असे सौभाग्यवतींना वाटले, आणि कोणाही आईला तसेच वाटेल. दादांनी हात धरला. लहान वयात तो चुना मूत्रपिंडांना झेपत नाही. बुरशी धरलेला मका किंवा पेंडही चालत नाही, ते विषच. घरातल्या शिळ्या पोळ्या, भाजीची देठे, कोथिंबिरीच्या काड्या चालतात, पण खारट काही नको. एवढे करून एक गिरिराजा तलंग पहिले अंडे देईपर्यंत सात-आठ किलो खाद्य फस्त करते. गावरान पिल्ले आईमागे परसभर उकिरडा उकरत फिरतात, किडे आणि वाळवी खातात, त्यांचा खर्च निम्मा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, गिरिराजा एकशेतीस-दीडशे आणि पिंजऱ्यातली पांढरी तीनशेच्या वर. पण त्या पांढरीला अंड्यावर बसायचे कसे हेच ठाऊक नसते. खुडूक होणे म्हणजे अंडी बंद. म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातले आईपण काढून टाकले.

रोगांविषयी थोडक्यात. मानमोडी हा मोठा शत्रू. कुमाऊंमधल्या राणीखेतला १९२० च्या दशकात तो आढळला आणि त्या रम्य गावाचे नाव कायमचे या रोगाला चिकटले. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लशीचा एक थेंब, आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. अडचण ही की लशीची कुपी शंभर मात्रांची येते, फोडल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि आपली पिल्ले पंचवीस. दादांनी मरकळमधली चार घरे जमवली तेव्हा ती कुपी सत्कारणी लागली. परसातल्या कोंबड्या एकट्याने पाळता येत नाहीत, शेजार लागतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. तेव्हा मोठ्या शेडांबरोबर आसपासच्या घरांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. एकाएकी पक्षी मरू लागले तर पुरून मोकळे न होता पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी ती यासाठीच.

गिरिराजाची दोन पिल्ले पहिल्या आठवड्यात गेली. गावरानातले एक घारीने उचलले. त्या दिवशी कोंबडीने जो विशिष्ट आवाज काढला, तो ऐकून बाकीची सात एका क्षणात तिच्या पंखांखाली नाहीशी झाली. दिव्याखाली वाढलेल्या अठरांना त्या आवाजाचा अर्थ कळला नाही. ती तशीच आ वासून उभी राहिली.

उरली पंचवीस. दोन महिने झाले, तुरे लाल होऊ लागले आणि खरा प्रश्न उभा राहिला. मोजले तर चौदा नर निघाले. त्यातले चार गावरान, दहा गिरिराजा.

ही गोष्ट कोंबड्या पाळण्याच्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलेली असते, पण मला ती सबंध व्यवहाराचा गाभा वाटते. अंड्यातून निघणारी निम्मी पिल्ले नर असतात. अंड्यांसाठी पाळायच्या जातींचे नर मांसालाही परवडत नाहीत. उबवणी केंद्रात ते पहिल्याच दिवशी वेगळे काढून बहुतेक ठिकाणी मारून टाकतात. जर्मनीने ही रीत २०२२ पासून कायद्याने बंद केली. तिथे आता पिल्लू अंड्यात असतानाच नर की मादी हे तपासतात. अंड्याला 'शाकाहारी' म्हणावे की नाही यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतो. तो अंड्यात जीव आहे का यापाशीच घोटाळतो, अंड्यामागे उभ्या असलेल्या कोंबड्यापर्यंत पोचत नाही. आमच्या परसात मात्र तो चौदा तोंडांनी उभा होता.

आणि पहाटे आरवत होता! आमच्या शेजारच्या इमारतीत एक तरुण राहतात, चाकणला कारखान्यात तिसऱ्या पाळीला असतात. ते एकदा फाटकाशी येऊन अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सर, मी झोपायला आलो की तुमचे हे उठतात." आम्ही कोंबडे रात्री जाड डालग्याखाली, वर पोती टाकून झाकून पाहिले. उजाडायचे राहिले नाहीच, आरवायचेही राहिले नाही. २०१३ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात, पहाट न दाखवता ठेवले, तरी ते आपल्या आतल्या घड्याळाबरहुकूम आरवत राहिले. आपल्या म्हणीचा हा उरलेला अर्धा भाग आहे असे मी आता वर्गात सांगतो.

चौदा नर चौदा दिवस तरी एका परसात नांदत नाहीत. ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, तलंगांना जेरीस आणतात. एक गावरान ठेवला; उबवणीची अंडी हवीत तर एक लागतोच. बाकीचे तेरा दादांनी नेले. दादांकडे त्यांचे काय होणार हे त्यांना, मला, सौभाग्यवतींना आणि चिरंजीवांनाही ठाऊक होते. दादांनी पैसे देऊ केले. आईने आतून सांगितले, "त्याचे पैसे घरात घेऊ नका, लशीच्या वर्गणीत धरा." ती दिवसभर परसात आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला मात्र दार वाजले.

अकरा तलंगांपैकी पहिले अंडे ज्येष्ठात आले, तेही गिरिराजाचे. आधी आठवडाभर तिचा तुरा शेंदरासारखा लाल झाला होता, आणि पाठीवर हात ठेवला की ती दबून बसे. अंडे लिंबाएवढे, कवचावर रक्ताचा एक ठिपका. पहिली अंडी अशीच असतात. मग रोज सहा-सात येऊ लागली. एक अंडे घडायला पंचवीस-सव्वीस तास लागतात, म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडे घालते आणि मधेच एक दिवस खाडा करते. आपल्याला मात्र रविवारीच आम्लेट हवे असते.

आता दिवाळी आली, दिवस लहान झाले आणि अंडी उतरली. कोंबडीच्या अंड्याची दोरी उजेडाच्या हाती. चौदा-पंधरा तास उजेड असला तर ती भरभरून देते, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. पहाटे चार वाजता खुराड्यात दिवा लावायचा हा त्यावर उपाय. इथे एलईडी चालतो. आकाशकंदील उतरवला की तीच माळ तिकडे लावायचा चिरंजीवांचा बेत आहे.

गावरानातली एक तलंग मात्र गेल्या आठवड्यापासून खुडूक झाली आहे. हात लावला की पिसे फुलवून गुरगुरते. सौभाग्यवतींनी डालगे झाडून ठेवले, आणि काल फराळाचे करता करता आईने विचारले, "किती ठेवणार रे तिच्याखाली?"

"दहा," मी म्हटले.

"म्हणजे पाच," ती म्हणाली, आणि कढईतली चकली उलटली.