ओढते किती, थांबते कुठे?

गेला महिनाभर आमच्या घरी सोयाबीनच्या भावापेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीची चालू आहे : पुतण्याने माल वाहायला काय घ्यावं? त्याच्यापुढे पर्याय तीन. एक, घरचा ट्रॅक्टर देऊन पन्नास एचपीच्या वरचा मोठा ट्रॅक्टर आणि मोठी ट्रॉली. दोन, बोलेरो पिकअप. आणि तीन, मागे जोडचाकं असलेली सहाचाकी, म्हणजे ४०७ किंवा तिच्याहून थोडी मोठी. भावकीतल्या प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा माझं मत एकदाच इथे लिहून टाकतो.

आमच्या जऊळक्यात काय किंवा मालेगाव-वाशिमच्या बाजारात काय, गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला : "ओढते किती?" पुतण्याही तेच म्हणतो, "काका, तिचा जोर तर पाहा!" जोर पाहावाच. पण माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की भरल्यावर ती थांबते कुठे?

जुन्या लोकांना हे बरोबर कळत होतं. बैलजोडी घेताना ते जोर तर बघायचेच, पण उतारावर गाडी धरते का तेही बघायचे. मागून भरल्या गाडीचा रेटा आला की बैल पाय रोवून तो मानेवर पेलायचे. माल पुढे-मागे सारखा भरला नाही तर गाडी उलार होते हे पोराटोरांना माहीत होतं. ट्रॅक्टर आला आणि हे शहाणपण गोठ्यातच राहिलं.

आता साधा हिशेब करू. आपल्याकडचा नेहमीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. पन्नास क्विंटल सोयाबीन म्हणजे पाच टन, वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन. म्हणजे दोन टनांच्या यंत्राने सहा-साडेसहा टन आवरायचे. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात! शेतात चाळीस फुटांवर वळायचं असतं तिथे ठीक आहे. पण डांबरी रस्त्यावर, उतारावर, समोर अचानक मोटारसायकल आली की ट्रॅक्टर थांबतो आणि ट्रॉली थांबत नाही. ती मागून ढकलते, आणि ट्रॅक्टर थोडा जरी तिरपा असला तरी त्याला आडवा करते.

त्यात आणखी एक गंमत (खरं तर गंमत नाहीच). ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या-उजव्या चाकाची वेगवेगळी, शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर निघताना ती पट्टीने एकत्र जोडायची असतात. येत्या बाजाराच्या दिवशी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांकडे सहज नजर टाका, किती जणांनी ती पट्टी लावलेली दिसते ते बघा. शिवाय डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग आहेतच.

मग एचपी वाढवून काय साधतं? चढ लवकर चढेल, ट्रॉली आणखी भरता येईल. म्हणजे मागून ढकलणारं वजन वाढेल. ब्रेक त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी मोठा ट्रॅक्टर हा पर्याय मला मुळातच पटत नाही.

टेक्सासमधला आमचा भाचा तिकडच्या पिकअपचे फोटो पाठवत असतो. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं, त्यांना तिकडे 'ड्यूली' म्हणतात. फोर्ड, रॅम, शेवरोलेच्या अशा गाड्या दहा-बारा टनांचा ट्रेलर सहज ओढतात. ते बघून पुतण्याचे डोळे चमकतात. पण मी भाच्याला विचारलं ते चाकांचं कारण. तिकडचा मोठा ट्रेलर हंसाच्या मानेसारख्या दांड्याने गाडीच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर अडकवतात. ट्रेलरचं पाचवा हिस्सा वजन गाडीवर येतं, ते पेलायला जोडचाकं. आणि थांबायला? ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक, त्यांचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी. ट्रेलर तुटून सुटलाच तर बॅटरीवर आपोआप ब्रेक लागतात. आपण फोटोतली चाकं बघतो, ब्रेक फोटोत दिसत नाहीत.

आपल्याकडे जोडचाकं आली ती ओढायला नव्हे, पाठीवर वाहायला. टाटाची ४०७ १९८६ साली आली. तेव्हा जपानी कंपन्यांशी करार केलेल्या डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी बाजारात होत्या आणि त्यांच्यापुढे ही टिकली. जोडचाकांचा फायदा सरळ आहे : वजन चार टायरांवर वाटलं जातं, गाडी कमी डुलते, एक फुटला तर शेजारचा सांभाळून घेतो. आणि मुख्य म्हणजे माल आणि ब्रेक एकाच चौकटीवर असतात. मागून ढकलणारं कुणी नाही.

तोटेही सांगतो. आपल्या काळ्या जमिनीत पाऊस झाला की दोन चाकांच्या मध्ये चिखल ठासून बसतो आणि गाडी जागेवर फिरत राहते. दोन टायरांमध्ये दगड अडकतो. आतल्या टायरची हवा कुणी बघत नाही. टायर घ्यायचे सहा. परवाना, आणि दर काही काळाने फिटनेस. शेतातून बांधापर्यंत माल आणायला ट्रॅक्टरला तोड नाही, हे मी शंभर वेळा मान्य करीन. बोलेरो पिकअप दीड-दोन टनांपर्यंत उत्तम, भाजीपाला-संत्र्यांना तीच बरी. पण चार चाकांवर तीन टन घालणारे आपणच असतो.

लायसनची काळजी मात्र नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते. या मर्यादेतली सहाचाकी चारेक टन माल नेते. शिवाय आपल्या तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे, सहाचाकीला नाही. नागपूरला माल न्यायचा तर हा फरक लहान नाही.

"दोन खेपा कराव्या लागतील, खर्च वाढेल," हा पुतण्याचा मुद्दा खरा आहे. पण ती दुसरी खेप म्हणजे थांबता येण्याची किंमत आहे असं मी धरतो. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या, वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या. आपल्यापासून काही लांब नाही. सोयाबीन काढायला आपल्याकडेही बाया ट्रॉलीत बसूनच येतात. नेमकं कारण काहीही असो, ट्रॉली माणसांसाठी बनवलेली नाही एवढं तरी त्यातून कळावं.

थोडक्यात माझं मत : आहे तोच ट्रॅक्टर शेतात ठेवावा, रस्त्यासाठी साडेसात टनांच्या आतली सहाचाकी घ्यावी, आणि वर्षभर काम नसेल तर हंगामापुरती भाड्याने आणावी. ज्यांना ट्रॉलीशिवाय इलाज नाही त्यांनी ब्रेकची पट्टी लावावी, मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवावेत, उतारावर गिअर काढू नये आणि वर माणूस बसवू नये. या चारही गोष्टींना मिळून एका पोत्याच्या किमतीपेक्षा कमी खर्च येतो.

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर कळवा. फक्त ओढण्याबद्दल लिहाल तर थांबण्याबद्दलही दोन ओळी लिहा.