उलटतपासणीची मर्यादा

प्रतिपक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणे हा पक्षकाराचा हक्कच आहे. तिच्यावाचून खोटी साक्ष उघडकीस यावयाची नाही. परंतु असत्य उघडकीस आणणे निराळे आणि साक्षीदाराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे निराळे. अपमानकारक प्रश्न न्यायालयाने रोखलेच पाहिजेत, ही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील आज्ञा २०२४ मध्ये अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तथापि बलात्कारपीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्यास वाव देणारे त्याच जुन्या कायद्यातील कलम रद्द व्हावयास २००२ ची दुरुस्ती यावी लागली. अशा उलटतपासणीत न्यायाधीशांनी मूक प्रेक्षक राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बजावले. या आज्ञेचे पालन वकिलांच्या सौजन्यावर सोडून चालणार नाही. न्यायासनानेच वेळीच बोलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.