सामना दोघांचा, मार तिसऱ्याला

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्या आयटीवाल्यांत तोच वाद चार वर्षांनी पुन्हा रंगतो. क्लायंट तिकडचे, शिफ्ट तिकडची, त्यामुळे डिबेटही तिकडच्याच चघळल्या जातात. या वादात एक वाक्य ठरलेलं असतं: "ज्याला विरोधकाच्या चार जाहिराती सोसत नाहीत, तो पुतिनसमोर काय उभा राहणार?" म्हणजे चिखलफेकीच्या जाहिराती ही उमेदवाराची अग्निपरीक्षा. घाव घालता आला पाहिजे, झेलता आला पाहिजे. जो टिकला तो खुर्चीला लायक.

ऐकायला पटतं. तिकडचे निवडणूक सल्लागार आणि टीव्हीवरचे पंडितही वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत. माझं म्हणणं असं आहे की हा युक्तिवाद मुळातच खोटा आहे, कारण या परीक्षेत खरा मार उमेदवार खातच नाही. तो खातो तिसराच कुणीतरी, ज्याचं नाव मतपत्रिकेवर नसतं आणि ज्याला उत्तर द्यायला माइक मिळत नाही. गेल्या वीसेक वर्षांत हा तिसरा माणूस बरेचदा आपल्यासारख्या नावाचा निघालाय, म्हणून हा विषय इथे.

सुरुवात १९८८ पासून करू, कारण या खेळाचे नियम त्या वर्षी पक्के झाले.

डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकल डुकाकिस, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर. जुलैतल्या पक्षाच्या अधिवेशनानंतर गॅलपच्या चाचणीत ते थोरल्या बुशपेक्षा १७ टक्क्यांनी पुढे होते. मग आला विली हॉर्टन. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा हा काळा कैदी १९८६ मध्ये शनिवार-रविवारच्या रजेवर तुरुंगाबाहेर पडला आणि परतलाच नाही. पुढच्या वर्षी मेरीलँडमध्ये त्याने एका जोडप्याच्या घरात घुसून पुरुषाला जखमी केलं, बाईवर बलात्कार केला. गुन्हा खरा होता, भयंकर होता. डुकाकिसना त्याचा जाब विचारणंही योग्यच होतं, कारण खुन्यांना ही रजा बंद करणारं विधेयक १९७६ मध्ये त्यांनीच रोखलं होतं.

पण जाहिरातीने जाब विचारला नाही. तिने हॉर्टनचा पोलिसांनी काढलेला फोटो पडद्यावर आणला आणि बाकीचं काम त्या चेहऱ्यावर सोपवलं. ही रजेची योजना १९७२ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती, हे तिने सांगितलं नाही. रोनाल्ड रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना तिथेही अशी योजना होती, हेही नाही. आणखी एक बारीक गोष्ट बघा. त्या माणसाचं नाव विल्यम. आपल्याला कुणी कधी 'विली' म्हटलंच नव्हतं, असं त्याने पुढे सांगितलं. नावसुद्धा प्रचारात घडवलं गेलं.

ही जाहिरात बुश यांच्या प्रचार कार्यालयाची नव्हती. ती बाहेरच्या एका गटाने काढली. बुश यांच्या अधिकृत जाहिरातीत फक्त तुरुंगाच्या फिरत्या फाटकातून आत जाणारे आणि बाहेर येणारे कैदी दिसत होते, नाव कुणाचंच नव्हतं. गरजच उरली नव्हती. घाण काम बाहेरचा गट करणार, पीक उमेदवार कापणार आणि वर हात झटकणार, ही पद्धत तेव्हापासून रुळली. २००४ मध्ये जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या शौर्यपदकांवर चिखल उडवणारे 'स्विफ्ट बोट'वाले माजी सैनिकही असाच बाहेरचा गट. २००२ च्या कायद्यानंतर टीव्हीवरच्या आपल्या जाहिरातीत 'हा संदेश मला मान्य आहे' असं उमेदवाराने स्वतः म्हणावं लागतं. बाहेरच्या गटाच्या जाहिरातीला ती अट लागत नाही. जिथे खरी वस्तरेबाजी चालते तिथे 'मान्य आहे' म्हणायला कुणी नसतं!

बिचाऱ्या डुकाकिसनी आपण मऊ नाही हे दाखवायला हेल्मेट घालून रणगाड्यात बसून फेरी मारली. ते इतकं हास्यास्पद दिसलं की बुशवाल्यांनी त्याच चित्रणाची जाहिरात केली. १३ ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये पहिलाच प्रश्न आला: तुमच्या पत्नीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तर त्या खुन्याला फाशी व्हावी असं तुम्हाला वाटेल का? डुकाकिस शांतपणे म्हणाले, नाही, आणि मृत्युदंडाने गुन्हे कमी होत नाहीत हे सांगू लागले. पंडितांनी निकाल दिला: या माणसात रक्तच नाही. म्हणजे कणखरपणाचा पेपर असा होता, की बायकोच्या काल्पनिक प्रेतावरून तुझ्या तोंडून सुडाची भाषा निघते की नाही. निघाली नाही. बुश ४० राज्यं जिंकले.

डेमोक्रॅटिक पक्षाने यातून काय धडा घेतला? जानेवारी १९९२ मध्ये बिल क्लिंटन न्यू हॅम्पशायरमधला प्रचार सोडून आपल्या अर्कान्सासला परतले, कारण तिथे रिकी रे रेक्टरचा मृत्युदंड अमलात यायचा होता. रेक्टर काळा. पोलिसाचा खून केल्यावर त्याने स्वतःच्या डोक्यात गोळी घालून घेतली होती आणि त्याच्या मेंदूचा मोठा भाग निकामी झाला होता. शेवटच्या जेवणातला गोड पदार्थ त्याने 'नंतर खाईन' म्हणून बाजूला ठेवला. आपल्याला नंतर नाही, हे त्याला उमगलंच नव्हतं. गव्हर्नर क्लिंटन यांनी दया दाखवली नाही. त्यांना हॉर्टनसारखी जाहिरात सोसावी लागू नये याची किंमत रेक्टरने मोजली. पेपर एकाने दिला, फी दुसऱ्याने भरली.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेऊ. राज्यशास्त्राचे अभ्यासक जॉन गीअर यांनी २००६ च्या पुस्तकात नकारात्मक जाहिरातींची उघड बाजू घेतली. ते म्हणतात, टीका करणारी जाहिरात स्तुतीच्या जाहिरातीपेक्षा जास्त मुद्द्यावर असते, कारण आरोप करायचा तर पुरावा जोडावा लागतो. स्वतःच्या कौतुकाला काहीच लागत नाही. कुत्रा, मुलं आणि झेंडा दाखवला की झालं. यात तथ्य आहे, आणि मी ते मान्य करतो. विरोधकाने कर वाढवला, युद्धाला मत दिलं, कामगारांच्या नोकऱ्या घालवल्या, हे दाखवणारी जाहिरात कितीही झोंबरी असो, लोकशाहीत ती हवीच. २०१२ मध्ये ओबामांच्या बाजूने मिट रॉम्नी यांच्या बेन कॅपिटलमधल्या कारभारावर जाहिरातींचा भडिमार झाला. त्या बोचऱ्या होत्या, पण मार रॉम्नींना होता. उत्तर द्यायला रॉम्नींकडे पैसा होता, मंच होता.

माझा वाद टीकेशी नाही, टीकेला कणखरपणाची कसोटी म्हणण्याशी आहे. ती कसोटी खुर्चीवर बसल्यावर काय होईल हेही सांगत नाही. १९६४ ची लिंडन जॉन्सन यांची 'डेझी' जाहिरात प्रसिद्ध आहे: फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी आणि मग अणुस्फोट. ती प्रचारात एकदाच दाखवली गेली. विरोधक गोल्डवॉटर यांच्या हाती बॉम्ब देऊ नका, हा तिचा इशारा. जॉन्सन प्रचंड मतांनी निवडून आले, आणि मार्च १९६५ मध्ये त्यांचेच मरीन सैनिक व्हिएतनामच्या दा नांगला उतरले. कम्युनिस्टांपुढे मऊ पडल्याचा शिक्का आपल्यावर बसेल, ही भीती त्यांना सुटली नव्हती. आणि मुळात या जाहिरातींनी निवडणुका जिंकता येतात का? २००७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेणाऱ्या संशोधकांना तसा ठोस पुरावा सापडला नाही.

आता आपल्या नावाकडे येऊ. २००८ मध्ये ओबामा मुस्लिम आहेत, ही कुजबुज इतकी पसरवली गेली की प्रचार तिच्याभोवतीच फिरू लागला. मिनेसोटातल्या सभेत एक बाई मॅकेन यांना म्हणाल्या, ओबामा अरब आहेत, मला त्यांचा भरवसा वाटत नाही. मॅकेननी माइक घेतला आणि सांगितलं: नाही बाई, ते सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत. या सभ्यपणाचं आजही कौतुक होतं. मॅकेन यांचा हेतू चांगला असेल, पण 'अरब' याला उत्तर 'नाही, सभ्य' असं कसं काय होतं? दुसरीकडे, जूनमध्ये डेट्रॉइटला ओबामांच्या सभेत हिजाब घातलेल्या दोन तरुणींना स्वयंसेवकांनी मंचामागे, कॅमेऱ्यात दिसेल अशा जागी बसू दिलं नाही. ओबामांनी नंतर त्यांची माफी मागितली, ठीक. तरी आरोप झेलायची तयारी उमेदवाराची आणि चौकटीबाहेर आपण, हा हिशेब तिथे स्पष्ट दिसला.

कॉलिन पॉवेल एकटे सरळ बोलले. ऑक्टोबर २००८ मध्ये टीव्हीवर ते म्हणाले की ओबामा ख्रिश्चन आहेत हे खरं, पण खरं उत्तर वेगळं आहे: असते मुस्लिम, तर काय बिघडलं? सात वर्षांच्या एखाद्या मुस्लिम अमेरिकन पोराने आपण अध्यक्ष होऊ असं स्वप्न बघण्यात गैर काय? उत्तर रास्त होतं. पण ते पटवायला पॉवेलना आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतल्या एका कबरीचा फोटो आठवावा लागला: करीम रशाद सुलतान खान, वय २०, इराकमध्ये ठार. (ज्या युद्धासाठी पॉवेल यांनीच २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत चुकीचे पुरावे मांडले होते, तेच हे युद्ध.) २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारानेही हेच केलं. इराकमध्ये मारले गेलेले कॅप्टन हुमायून खान, आणि जाहिरातीत त्यांचे वडील खिज्र खान. मी ती बघताना रडलो होतो. पण आपल्याकडे कुणी 'देशभक्ती सिद्ध करा' म्हटलं की लगेच खेमकरणच्या अब्दुल हमीदचं नाव घेणारे चाचा आठवून बघा. जिवंत मुस्लिम पुरेसा पुरावा का होत नाही? वडाळ्याचा टॅक्सीवाला किंवा डिअरबॉर्नची नर्स नागरिक म्हणून कधी चालणार?

त्याच २०१६ च्या जानेवारीत ट्रम्प यांची पहिली टीव्ही जाहिरात आली. मुस्लिमांचा प्रवेश तात्पुरता बंद करण्याची घोषणा तिच्यात ठळक होती. मेक्सिकोच्या सीमेचं म्हणून जे चित्रण दाखवलं ते मोरोक्कोलगतच्या मेलिया सीमेचं निघालं. कणखरपणाच्या बाजारात एवढी चूक कोण मोजतो? आणि ही जाहिरात जाहिरातच राहिली नाही. २७ जानेवारी २०१७ ला सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा आदेश निघाला आणि विमानतळांवर माणसं अडकली. 'प्रचारात सगळेच बोलतात, मनावर घेऊ नका' असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

२०२४ मधला प्रकार मला माझ्या धंद्यामुळे जास्त बोचतो. फ्युचर कोअलिशन पीएसी नावाच्या एका गटाने मिशिगनच्या अरब-मुस्लिम वस्त्यांत जाहिराती दाखवल्या, की कमला हॅरिस इस्रायलच्या किती खंबीर पाठीराख्या आहेत आणि त्यांचे पती ज्यू आहेत. वरवर स्तुती, आतून विष. त्याच गटाने पेनसिल्व्हेनियात ज्यू मतदारांना नेमकं उलटं सांगितलं, की हॅरिस पॅलेस्टिनींचं लांगूलचालन करतात. १९८८ ची जाहिरात टीव्हीवर होती. शेजारीपाजारी एकच जाहिरात बघत होते, वर्तमानपत्रं तिची चिरफाड करू शकत होती. आता दोन शेजाऱ्यांच्या फोनवर दोन जाहिराती येतात. ही यंत्रणा विचारते: कुठला भाग, कुठल्या वयाचे लोक, पैसे किती? मग ज्या आवृत्तीवर अंगठा जास्त थांबतो ती पुढे ढकलते. 'पलीकडच्या गल्लीत तुम्ही याच्या उलटं सांगताय का' असा रकाना तिथे नाही. तो घालणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण त्याचे पैसे कोण देणार?

यावरून डिअरबॉर्नच्या लोकांना जाहिरातीने फसवलं असा अर्थ काढू नका. गाझाचा राग खरा होता, आणि हॅरिस यांनी तो स्वतःच ओढवून घेतला. ऑगस्टमध्ये त्यांच्या जाहिरातीने सीमेवर त्या किती कडक आहेत याची बढाई मारली. अधिवेशनात त्यांनी जगातल्या सर्वांत घातक सैन्याचं वचन दिलं आणि त्याच मंचावर एकाही पॅलेस्टिनी अमेरिकन वक्त्याला पाच मिनिटं मिळाली नाहीत. मऊ दिसण्याच्या भीतीने आवाज आपल्या माणसांचा बंद केला. डिअरबॉर्नमध्ये ट्रम्पना त्यांच्यापेक्षा जास्त मतं पडली.

हे सगळं दूरचं म्हणून सोडू नका. मेटाची अ‍ॅड लायब्ररी सगळ्यांना उघडी आहे, आणि भारतातल्या राजकीय जाहिरातीही २०१९ पासून तिच्यात आहेत. कुणी जाहिरात दिली, साधारण किती खर्च केला, कुठल्या राज्यात दाखवली, हे तिथे दिसतं. एखाद्या रविवारी बसा, कुठल्याही एका निवडणुकीच्या पन्नास टीकेच्या जाहिराती काढा आणि एवढंच मोजा: पडद्यावरचा चेहरा विरोधी उमेदवाराचा आहे, की त्या निवडणुकीला उभाच नसलेल्या कुणाचा?