एक जुलैचे नवरदेव

"स्टॅमकोसने नॅशव्हिलला टोपी घातली" हे वाक्य 2024-25 च्या मोसमात मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता कोणी नुसती सुरुवात केली तरी डोकं सटकतं. अहो, त्याने कसली टोपी घातली? नॅशव्हिलने स्वतःच डोकं पुढे केलं आणि वर टोपीचे पैसेही मोजले.

हॉकी म्हणजे ध्यानचंदची नव्हे बरं का, बर्फावरची. एनएचएलवाली. नॅशव्हिलला दीड वर्ष ऑनसाइट होतो तेव्हा ही लागण झाली. (तिथले प्रेक्षक उत्साहाच्या भरात मैदानावर चक्क मेलेला मासा फेकतात. अशा गावात लागण न होऊन सांगता कोणाला?) परत आल्यावरही रविवारी सकाळी साडेसहाला उठून मॅच लावणारा हा प्राणी आमच्या घरच्यांच्या लेखी वाया गेलेला आहे. असो.

तर कथा अशी. एनएचएलमध्ये खेळाडू साधारण 27 वर्षांचा झाला किंवा त्याने सात मोसम पूर्ण केले, की करार संपल्यावर तो मोकळा होतो. मग फ्री एजंट म्हणून कुठल्याही संघाशी बोलणी करू शकतो. 1 जुलैला हा बाजार उघडतो. 2024 च्या 1 जुलैला नॅशव्हिल प्रेडेटर्सचे जनरल मॅनेजर बॅरी ट्रॉट्झ यांनी एका दिवसात तीन मोठे मासे गळाला लावले. टँपा बेचा कॅप्टन स्टीव्हन स्टॅमकोस, वय 34, चार वर्षं, वर्षाला 80 लाख डॉलर. व्हेगासचा जोनाथन मार्शेसो, वय 33, पाच वर्षं, वर्षाला 55 लाख. कॅरोलायनाचा बचावपटू ब्रेडी शे, वय 30, सात वर्षं, वर्षाला 70 लाख. एकूण 10 कोटी 85 लाख डॉलरचं वचन! त्या मोसमाची सॅलरी कॅप 8 कोटी 80 लाखांची होती, म्हणजे संघाच्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा या तिघांच्या नावावर. गावात दिवाळी. पेपरवाल्यांनी तर "उन्हाळ्याचे विजेते" म्हणून हारही घालून टाकले.

मोसम सुरू झाला आणि संघ पहिले पाचही सामने हरला. शेवटी 82 सामन्यांत 30 विजय, 68 गुण, 32 संघांत खालून तिसरे. आदल्या मोसमात याच संघाचे 99 गुण होते. आधी 40 गोल मारणारा स्टॅमकोस 27 वर आला. मार्शेसो 42 वरून थेट 21 वर, अगदी बरोबर निम्मा!

झालं. लोकांनी निकाल लावला: म्हातारे झाले, पैसे मिळाल्यावर सुस्तावले, टोपी घातली.

मला हा निकाल मान्य नाही. स्टॅमकोस टँपात गोल कसे मारायचा ते आठवा. डाव्या सर्कलमध्ये उभं राहायचं, पलीकडून पास आला की न थांबवता सणसणीत ठोकायचा. त्याच्या 40 पैकी जवळजवळ निम्मे गोल पॉवर प्लेवर होते. पास कोण द्यायचं? निकिता कुचेरॉव, ज्याने त्या मोसमात 100 असिस्ट केले. मागे व्हिक्टर हेडमन. ही यंत्रणा वर्षानुवर्षं घासून पुसून तयार झाली होती आणि स्टॅमकोस हा तिचा शेवटचा भाग होता. नॅशव्हिलने तो शेवटचा भाग तेवढा विकत आणला! बरं, नॅशव्हिलकडे डाव्या बाजूने ठोकणारा उजव्या हाताचा माणूस आधीच होता, फिलिप फोर्सबर्ग, आदल्या मोसमात 48 गोल मारलेला. मार्शेसोही उजव्या हाताचाच नेमबाज. म्हणजे वाजवणारे तिघे आणि वाढणारा कोणी नाही. संघाला खरी गरज होती ती पक पुढे नेणाऱ्या, पास देणाऱ्या सेंटरची. तिथे होता 33 वर्षांचा रायन ओ'रायली. गुणी माणूस, पण एकटा. वर कॅप्टन रोमन योसी दुखापतींनी बेजार.

आणि टोपीवाल्यांना माझा एकच सवाल आहे. फोर्सबर्ग तर नवा नव्हता ना? तोही 48 वरून 31 वर आला. गुस्ताव नायक्विस्ट आदल्या मोसमात 75 गुण काढून हिरो झाला होता, तो इतका घसरला की मार्च 2025 मध्ये मिनेसोटाला देऊन टाकला. गोलकीपर युसे सारोसचा मोसमही खराब गेला. जुने-नवे सगळे एकदम आळशी झाले का?

उलट टँपाकडे बघा. त्यांनी स्टॅमकोसच्या जागी 29 वर्षांचा जेक गेन्टझल आणला. वर्षाला 90 लाख, म्हणजे जास्तच पैसे. कुचेरॉवच्या शेजारी त्याने पहिल्याच मोसमात 41 गोल मारले. तो पाच वर्षांनी तरुण आहे हे कबूल, पण त्याला पास मिळत होते हेही कबूल करा की.

आयटीवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नसावी, कारण आपल्याकडे दर अप्रेझलनंतर हेच होतं. एका कंपनीत (नाव विचारू नका) आमच्या प्रोजेक्टवर बाहेरून एक "रॉकस्टार" आणला. आधीच्या ठिकाणी त्याने म्हणे अख्खी बिलिंग सिस्टिम एकहाती उभी केली होती. एकहाती कसली, तिथे त्याच्या मागे दहा जणांची टीम, तयार टेस्ट एनव्हायर्नमेंट आणि डोमेन कोळून प्यायलेला बीए होता. आमच्याकडे त्याला काय दिलं? एक लॅपटॉप आणि दोन फ्रेशर. सहा महिन्यांत कॅन्टीनमध्ये "ओव्हरहाइप्ड" म्हणून त्याचा उद्धार सुरू झाला. त्याच्या पगाराचा आकडा फुटल्यावर मॉड्यूल खरोखर जाणणारी दोन मुलं पेपर टाकून गेली. आणि ज्याने त्याला आणलं त्या साहेबाला प्रमोशन मिळालं! शिव्या मात्र रॉकस्टारच्या वाट्याला.

आता कोणी म्हणेल, फ्री एजंट घ्यायचेच नाहीत का? तसं कोण म्हणतंय. बॉस्टनने 2006 मध्ये 29 वर्षांचा झ्डेनो चारा घेतला, त्याला कॅप्टन केलं आणि 2011 मध्ये कप जिंकला. फ्लोरिडाने 2020 मध्ये कार्टर व्हरहेगीला वर्षाला 10 लाखांत उचलला, टँपाने सोडून दिलेला माणूस. 2024 आणि 2025 चे दोन्ही कप जिंकताना तो संघात होता. पण या खरेदीत "आपल्याला कोण कमी आहे" हा विचार आधी होता. नुसते मागच्या वर्षीचे गोल मोजून चेक फाडलेला नव्हता. मागच्या वर्षीचे गोल मागच्या वर्षीच्या मालकाने वापरून संपवलेले असतात हो!

यातली खरी गंमत (की शोकांतिका) म्हणजे हा धडा नॅशव्हिलला फुकटात मिळाला होता. जुलै 2012 मध्ये त्यांचाच रायन सूटर त्यांना सोडून मिनेसोटाला गेला. सूटर आणि झॅक पॅरिसे, दोघांना प्रत्येकी 13 वर्षं आणि 9 कोटी 80 लाख डॉलर. तेव्हा नॅशव्हिलकर रडले होते. मिनेसोटा मात्र त्या दोघांना घेऊन कधीही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेली नाही. 2021 मध्ये दोघांना पैसे देऊन घरी पाठवलं, तरी 2023-24 आणि 2024-25 मध्ये दरवर्षी सुमारे 1 कोटी 47 लाखांची कॅप त्यांच्या नावाने अडकून पडली होती. न खेळणाऱ्या माणसांसाठी!

अरे हो, एक राहिलंच. त्याच 1 जुलैला नॅशव्हिलने चौथाही एक माणूस घेतला होता: राखीव गोलकीपर स्कॉट वेजवूड, वर्षाला फक्त 15 लाख. कोणी हार घातला नाही. नोव्हेंबरअखेर त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं आणि तिथे गडी मस्त खेळला.

उरलेल्या तिघांपैकी स्टॅमकोसचा करार 2028 पर्यंत, मार्शेसोचा 2029 पर्यंत. ब्रेडी शेचा 2031 मध्ये संपेल. तेव्हा तो 37 वर्षांचा असेल.