विश्लेषण : चकचकीत अलॉय व्हीलच्या आड काय लपते?

दसरा-दिवाळीच्या आधी वॉशिंग सेंटरबाहेर गाड्यांची रांग लागते. धुलाई संपत आली की कामगार एक डबा आणतो, चाकांवर काहीतरी शिंपडतो, फेस येतो, ब्रेकची काळी धूळ ओघळून जाते आणि अलॉय व्हील दोन मिनिटांत लखलखते. मालक खूश. अनेकदा त्या डब्यात पातळ केलेले ॲसिड असते आणि चाकाची खराबी तिथूनच सुरू होते.

ॲसिडने नेमके काय बिघडते?

अलॉय व्हील म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियम नव्हे. बहुतेक ओतीव चाकांत साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. हा थर ॲसिड खाते, तसा सोडाही खातो. स्वयंपाकघरात हे रोज दिसते. ॲल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्यात भिजत टाकले की काळे पडते, त्यातच चिंचेचे पाणी उकळले की आतून उजळते. ते उजळणे म्हणजे वरचा थर विरघळणे. आजी पितळेला चिंच लावायची म्हणून चाकालाही काहीतरी आंबट चालेल, हा समज म्हणूनच चुकीचा.

शिवाय कंपनीतून येणाऱ्या बहुतेक अलॉय व्हीलवर उघडा धातू नसतोच. त्यावर रंग आणि रंगावर पारदर्शक लॅकर असते. दिसणारी चमक त्या लॅकरची. मेटल पॉलिश लावून ते घासणे म्हणजे चाकाचा रेनकोट आपल्याच हाताने फाडणे. सध्याच्या गाड्यांत दिसणाऱ्या ‘डायमंड कट’ चाकांचे तर आणखी नाजूक. त्यांचा दर्शनी भाग लेथवर कातलेला असतो आणि वर फक्त लॅकर. एका खड्याने टवका उडाला, पावसाचे पाणी आत शिरले की लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा सरकू लागतात. त्या पुसून जात नाहीत. चाक पुन्हा कातावे लागते, आणि प्रत्येक कातणीत थोडा धातू कमी होतो. असे फार वेळा करता येत नाही.

मग पॉलिश करायचेच नाही का?

चाक खरोखर उघड्या धातूचे असेल तर जरूर करावे. ओळखायची युक्ती सोपी आहे. मागच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी किंचित पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे, नाही झाले तर वर लॅकर आहे आणि तिथेच थांबावे. मात्र मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या खाऱ्या हवेत उघडे चाक लवकर मंदावते. ही हौस वेळखाऊ आहे, हे आधीच मान्य केलेले बरे.

लॅकर असलेल्या चाकाला साधा कार शाम्पू, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी पुरते. चाक गार झाल्यावरच धुवावे, कारण गरम चाकावर रसायन लगेच सुकून डाग पडतो. चाकाचे फडके गाडीच्या रंगाला लावू नये, ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण ओरखडे काढतात. पावसाळ्याआधी मेणाचा एक हात दिला की धूळ कमी चिकटते. एवढेच.

आता जास्त गंभीर बाब. पॉलिश आणि रंग यांचा सर्वात वाईट उपयोग होतो तो तडे झाकायला. खड्ड्यात आपटलेल्या चाकाला तडा बहुधा आतल्या कडेला जातो, बाहेरून चाक ठणठणीत दिसते. टायरमधली हवा हळूहळू कमी होणे, ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरणे ही त्याची लक्षणे. मग कोणीतरी स्वस्तात वेल्डिंग करून देतो, किंवा वाकलेली कड गॅसच्या ज्योतीवर तापवून सरळ करतो.

कारखान्यात चाकाला बळकटी येते ती उष्णतेच्या प्रक्रियेने. आधी सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून एकदम गार करतात, नंतर कमी तापमानाला मुरवतात. वेल्डिंगच्या आसपास ही बळकटी निघून जाते. त्यात लोखंड तापले की लाल होते, ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलून इशारा देत नाही. किती तापले, हे डोळ्यांना कळतच नाही. नव्या चाकांच्या नमुन्यांना भार, वळणावरचा ताण आणि आघात यांच्या चाचण्या द्याव्या लागतात. रस्त्याकडेला जोडलेल्या चाकाची पुन्हा परीक्षा घेणारे कोणी नसते. त्याला थेट घाटातच उतरवले जाते, आणि गाडीत सगळे कुटुंब असते.

दुरुस्ती सरसकट बंद करा, असे म्हणणे बरोबर होणार नाही. कडेचे खरचटणे, उडालेला रंग यांची डागडुजी निर्धोक आहे. पण वेल्डिंग केलेले चाक जुन्या गाडीसोबत विकताना ते लेखी सांगणे विक्रेत्याला बंधनकारक असायला हवे. आज खरेदीदार इंजिनचा आवाज ऐकतो, किलोमीटर पाहतो आणि चाकांची चकाकी पाहून खूश होतो. त्याऐवजी चाक उतरवून आतली बाजू बॅटरीच्या उजेडात पाहायला मागावी. विक्रेत्याने टाळाटाळ केली तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत. पंक्चर काढताना टायर रिममधून काढला जात असेल, तेव्हा पंक्चरवाल्याला आतली कड फडक्याने पुसून दाखवायला सांगितले तरी दोन मिनिटांत काम होते.