मूलपेशी, दृष्टिपटल आणि एक जाहिरात

घरातील वडीलधाऱ्यांना अक्षरांच्या मधोमध धूसर डाग दिसू लागतो, सरळ रेघ वाकडी भासते आणि नेत्रतज्ज्ञ पीतबिंदूची झीज असे निदान करतात. थोड्याच दिवसांत कुणीतरी मोबाईलवर जाहिरात पाठवते: मूलपेशींनी, म्हणजेच स्टेम सेल्सनी, दृष्टी परत मिळेल. पैशांची जुळवाजुळव करण्यापूर्वी आपण पुढील हकीकत अवश्य वाचावी.

दृष्टिपटलाच्या पाठीशी रंजकपेशींचा अतिशय पातळ थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना तो पोसतो आणि त्यांनी टाकलेला कचरा रोज उचलतो. स्वयंपाकघर आणि मोरी दोन्ही तोच म्हणा ना! वार्धक्यातील झिजेत हा थर खचला की त्याच्या आधाराने जगणाऱ्या पेशीही मरतात, आणि शरीर त्या पुन्हा घडवीत नाही. म्हणून मूलपेशींपासून नवा थर वाढवून तो डोळ्यात बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

2014 साली जपानमध्ये कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या चमूने सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या त्वचेच्या पेशींपासून असा थर तयार करून तिच्याच डोळ्यात बसवला. वर्षानंतरही तो टिकून होता. दृष्टी मात्र सुधारली नाही आणि खालावलीही नाही. लंडनमध्ये भ्रूणीय मूलपेशींपासून केलेला थर बसवलेले दोन रुग्ण वर्षभराने पुन्हा वाचू लागले, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. आशा खरी आहे. पण दोन रुग्णांवरून आपल्या आजोबांचे भविष्य सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील फ्लोरिडात एका खासगी दवाखान्याने 72 ते 88 वर्षांच्या तीन स्त्रियांच्या पोटाच्या चरबीतून पेशी काढून त्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. शुल्क होते 5,000 डॉलर. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. हा वृत्तान्त 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. संशोधनाच्या नोंदवहीत या उपचाराचा उल्लेख होता, त्यामुळे तो अधिकृत प्रयोग असल्याचा समज झाला. तेव्हा केवळ नोंदणी पाहून विसंबू नये. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी पणाला लावीत नाहीत. आपल्याकडेही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर दृष्टिपटलावर असे उपचार करणे अनैतिक ठरते.

एक गफलत मात्र वारंवार होते. चुना किंवा रसायन डोळ्यात गेल्याने पारपटल खराब झाले, तर बुबुळाच्या कडेच्या मूलपेशींचे रोपण होते. हैदराबादेत त्याची उत्तम पद्धत विकसित झाली आहे. तो डोळ्याच्या दर्शनी भागाचा उपचार आहे; दृष्टिपटलाशी त्याचा संबंध नाही.

झीज 'ओल्या' प्रकारची असेल, तर डोळ्यात द्यावयाची प्रचलित इंजेक्शने उरलेली दृष्टी राखू शकतात, पण ती वेळेवर हवीत. त्यासाठी घरच्या ज्येष्ठांना एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहायला सांगा. कड वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या.